मोठी संत्री

“आई, मोठी संत्री काहून सोलून राहिल्या तुम्ही? उद्याच्या पाहुण्यांले ठेवली होती न!”

“पाहुण्यांनी डागी खाल्ली तं का मरतीन वं?”

आई आणि आजीचं हे बोलणं मी माझ्या खोलीतून ऐकत होते. समोर लॅपटॉप नुसताच उघडा होता. उद्याचे पाहुणे मला बघायला येणार होते. मुलगा पुण्यात नोकरीला, फोटोत बरा. मला अजून लग्नच करायचं नव्हतं. पण आईने विचारलं तेव्हा मी ‘बघू’ म्हटलं होतं, आणि आमच्या घरात माझं ‘बघू’ होकारातच धरतात.

नवल वाटलं ते आजीचं. काटोलहून तिचा भाऊ दर वर्षी संत्र्यांची पेटी पाठवतो. मी लहान असताना पेटी आली की आजी चादर पसरून फळं निवडायची. डागी घरच्यांनी आधी खायची, चांगली पाहुण्यांसाठी. पाहुणे येईपर्यंत चांगलीही डागाळायची, मग तीही आमच्याच वाट्याला. घरात पेटीभर संत्री असून आम्ही धड संत्रं कधी खाल्लंच नाही. हा नियम आजीचाच.

मी बाहेर येऊन तिच्याजवळ बसले. “आजी, तू कधीपासून अशी झालीस?”

“तुझे आजोबा गेले तवापासून. तेरावं झाल्यावर पेटी उघडली, तं पाहुण्यांसाठी ठेवलेली सारी सडलेली. त्याईले त्यातलं एकही देलं नव्हतं मी.” तिने एक फोड माझ्या हातात ठेवली. “तेव्हा वाटे, लोक काय म्हणतीन. कोणते लोक, तेही आता आठवत नाही. खाय.”

फोड गोड होती. आई पन्नाशीची आहे, तिच्या लेखी पाहुणे अजून पाहुणेच आहेत. आजी तर आपले पाहुणे कोण होते तेही विसरली. माझे तर अजून यायचे होते, आणि मी आत्तापासूनच त्यांच्यासाठी गप्प होते.

“उद्या कोणता ड्रेस घालशील गं?” आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

‘बघू’ अगदी ओठांवर आलं होतं. आजी दुसरं संत्रं सोलत होती, तेही मोठंच.

“आई, त्यांना फोन करून नाही म्हण. मला आत्ता लग्न करायचं नाही.”