मामांची कार्टूनं आणि मांडे

आमच्या बायकोच्या मामांइतकं मन लावून कार्टून बघणारा माणूस अख्ख्या धुळे जिल्ह्यात नसेल. जन्मभर धुळे-जळगाव बस चालवलेला गडी, मिशी स्टिअरिंगमध्ये अडकावी एवढी, आणि रोज दुपारी टीव्हीसमोर मांडी घालून बसलेला. सवय लावली सुट्टीला आलेल्या नातीने. नात पहूरला परत गेली, सवय मामांकडेच राहिली. राजपुत्राची वाट न बघता स्वतःच कुलूप फोडणारी राजकन्या, पिल्लांसाठी भाकरी थापणारा अस्वलबाप, पोटभर रडून घेणारा राक्षस, या मंडळींबद्दल मामा भाऊबंदांबद्दल बोलावं तसं बोलत. नुसतं बोलले असते तर परवडलं असतं. जळगावला मामांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो, तर मामांनी तिला विचारलं, "टायर बदलता येतं का?" ती "येतं" म्हणाली. मग पुतण्याकडे वळून, "आणि तुला वरण?" पुतण्याला घाम फुटला. लग्न जमलं, हे त्या मुलीचे उपकार.

मामी गेल्या आणि पहिलीच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली तसा लेकीचा फोन आला, "आबा, आई नाही, मांडे नाहीत, मी कशाला येऊ? तुम्हालाच त्रास." आमच्याकडे आखाजीला लेक आली नाही, तर तिचं माहेर तुटल्यासारखंच. मामा एवढंच म्हणाले, "तू ये. मांडे मी करसू."

पुरण भरलेला मांडा हातांवर पार कोपरापर्यंत खेळवत मोठा करायचा आणि चुलीवरच्या उलट्या खापरावर टाकायचा. मामांच्या हातांवर केसांचं रान. ते सरळ न्हाव्याकडे जाऊन दोन्ही हात भादरून आले. त्याने मिशीचं विचारलं, तर म्हणाले, "ती पीठले लागत नही."

आखाजीला पुरुष पत्ते कुटतात. आमचा डाव मामांच्या ओट्यावर आणि मामा अंगणात चुलीपुढे. डावातून कोणीतरी म्हणालं, "आबा, आते बांगड्या भरा."

"भरसू. रंग तू सांग."

पहिला मांडा हातातच फाटला, दुसरा चुलीत गेला, तिसऱ्याने पुरण सोडलं. मला हसू आवरेना. त्यानंतरचा मात्र खापरावर बसला. कडा जाड, मधे भोक, पण मांडा होता. लेकीने तो उभ्याउभ्याच खाल्ला.

"आईसारखा नाही," ती म्हणाली.

"नहीच," मामा म्हणाले.

मग तिने त्यांच्या भाजलेल्या मनगटांना तूप लावलं आणि सांगितलं, पुढच्या आखाजीला आपण दोघं मिळून करू.

ती आत गेल्यावर मामा हातांवर फुंकर घालत मला म्हणाले, "तुनी मामी कधी बोलनी नही, हात भाजतस म्हनून. मी बी कधी इचारं नही."

मी ओट्यावरून उतरून चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं. मामांनी पुढचा उंडा हातात घेतला.