नाताळच्या चार तबकड्या आणि दसऱ्यानंतरचं ऊन

बाईंच्या घरी मी दीड वर्ष राहिले आणि त्यातले बहुतेक दिवस कसल्या ना कसल्या संशयात काढले. आता लिहिताना लाज वाटते, कारण त्या घरात मला कोणी वाकडा शब्द बोललं नव्हतं. पण मला एकदा घराबाहेर काढलेलं होतं. दुसऱ्यांदा कधी काढतील, याकडे माझे कान लागलेले असत.

मी खानदेशातली. शाळा चौथीत सुटली, चौदाव्या वर्षी लग्न झालं आणि नवऱ्यामागे भिवपुरीला आले. तो तिथल्या वीजघरात कामाला होता. पुढे त्यानं दुसरी केली आणि माझं गाठोडं चाळीच्या पायरीवर आणून ठेवलं. माहेर दोन गाड्या बदलून गाठायचं, आणि तिथे मला बघून कोणाला आनंद होणार नव्हता. कर्जतच्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी मला या बाईंकडे आणून सोडलं. स्वयंपाक, झाडलोट, कपडे, खाऊनपिऊन राहायचं. मागच्या अंगणाकडची खोली मला एकटीला. त्या खोलीची कडी पहिल्यांदा आतून लावली तेव्हा मी कितीतरी वेळ दाराला टेकून नुसती उभी होते.

दुसरी मोठी लढाई संपल्याला तेव्हा वर्ष झालं होतं. बाई मूळ गोव्याच्या, मुंबईत वाढलेल्या. मोठ्या हॉटेलांत साहेबलोकांचा नाच चाले, तिथे त्या इंग्रजी गाणी म्हणत. छातीत कफ धरला म्हणून डॉक्टरांनी मुंबई सोडायला सांगितलं. तेव्हा त्यांनी कोंडाण्याच्या वाटेवर, नदीपलीकडे हे बैठं घर भाड्यानं घेतलं होतं. ओसरीवर एक मोठा फोटो होता: पांढऱ्या कोटातले सोळा वाजवणारे, कोणाच्या हातात तुतारीसारखं पितळी वाद्य, कोणापुढे ढोल, आणि मधोमध बाई.

दूध घालायला येणारी गावातली बाई त्या फोटोसमोर रोज थांबायची. "ह्ये समदे हिचे भाऊ हायेत का गं?" असं तिनं मला पहिल्याच आठवड्यात विचारलं. रात्री मीही ते सोळा जण मोजले. पुढे ती म्हणू लागली, "तुजी बाय गानारी हाय ना? मंग गात का नाय? कोंबडा तरी रोज आरवतो."

तेही खरंच होतं. बाई कधी गुणगुणतसुद्धा नसत. सकाळी गरम पाण्याचा वाफारा घ्यायचा, गळ्याला फडकं गुंडाळायचं आणि नदीकडे फिरायला जायचं. फिरून आल्या की गळ्याला हात लावून काहीतरी चाचपल्यासारखं करायच्या. मला वाटे, या गाणाऱ्या नाहीतच, काहीतरी लपवून इथे येऊन बसल्यात. एक दिवस पोलीस येतील, घराला कुलूप लागेल, आणि माझं गाठोडं पुन्हा पायरीवर.

दसरा झाला आणि मुंबईहून रेकॉर्ड कंपनीचा एक माणूस आला. पुण्याच्या गाडीला घाटाची इंजिनं जोडायला कर्जतला थांबा असतो, तिथे उतरून टांग्यानं आला आणि पुढची गाडी धरायला चहा न घेता गेला. जाताना एक जाड पुस्तक ठेवून गेला. ते पुस्तक नव्हतं. आत पानांऐवजी कागदी खिसे होते आणि प्रत्येक खिशात एक काळी तबकडी. चार तबकड्या, आठ गाणी. त्या उन्हाळ्यात बाईंनी सोळा जणांना घेऊन मुंबईत नाताळची गाणी भरली होती. कलकत्त्याला त्यांच्या तबकड्या निघाल्या आणि हा नमुना बाईंनी ऐकावा म्हणून आला होता. बाईंनी रुकार दिला की नाताळाआधी बाजारात. पुढच्या रविवारी तो माणूस उत्तर न्यायला येणार होता. सोबत वरच्या पुठ्ठ्यावर छापायचं चित्रही होतं, बर्फात बुडालेलं घर. मी विचारलं, असं कुठे बघितलंत तुम्ही? त्या म्हणाल्या, "मी? बर्फ मी सोडावॉटरच्या दुकानातच बघितलाय."

एवढं सांगून त्यांनी ते पुस्तक मिटलं आणि कपाटावर ठेवलं. वाजवून बघितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चावीचा ग्रामोफोन तिथेच, शेजारी. मला त्याचाही संशय आला. आपलीच गाणी कोण ऐकत नाही?

आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या मधल्या उन्हात घरातलं सगळं बाहेर काढतात. गोधड्या, ट्रंकेतली लुगडी, डाळी, मिरच्या, पोथ्यासुद्धा. पावसाळ्यात जे जे बंद राहिलं त्याला ऊन दाखवायचं, नाहीतर बुरशी धरते. कर्जतकडचा पाऊस तर भिंतींनाही शेवाळ आणतो. मंगळवारी बाई दवाखान्यात गेल्या आणि मी अंगणात खाट टाकून घर रिकामं करायला घेतलं. कपाट पुसताना ते पुस्तक हाती आलं. उघडून वास घेतला तर कोंदट, लाखेसारखा. मला वाटलं, झालं, ओल धरली. बाईंनी मला थारा दिला, आणि त्यांच्या इतक्या मोलाच्या वस्तूला माझ्या डोळ्यांदेखत बुरशी लागावी? चारही तबकड्या काढल्या, खाटेवर स्वच्छ लुगडं अंथरलं आणि मिरच्यांपासून लांब अशा मांडून ठेवल्या. बारा वाजता जाऊन उलटवल्यासुद्धा. संध्याकाळी आत घेताना त्या थोड्या मऊ, थोड्या वाकलेल्या वाटल्या. पापडही उन्हात वाकतोच, म्हणून मी काही मनावर घेतलं नाही.

गुरुवारी बाईंनी धीर केला. पहिली तबकडी लावली. त्या गाण्याची सुरुवात त्या एकट्याच करत, वाजंत्री मागून येई. मी स्वयंपाकघरात होते. आवाज आला, जाड, गोड, आणि मध्येच लांबून हाक मारताना वाऱ्यानं हलावा तसा हलला. पुन्हा हलला. वाजंत्री सुरू व्हायच्या आत बाईंनी सुई उचलली.

दुपारी त्यांनी ताट तसंच परत पाठवलं. मी दाराशी उभी राहिले तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "गेला आवाज. मला उन्हाळ्यातच वाटलं होतं, सगळे नाही म्हणत होते. रविवारी सांगते, काढू नका म्हणून. मग हे घर तरी कशाला?"

शेवटचं वाक्य त्या स्वतःशी बोलल्या होत्या, पण मला तेवढंच ऐकू आलं. मग माझा सगळ्यांवर संशय घेऊन झाला. दूधवालीची नजर लागली असेल. डॉक्टरांच्या औषधानं गळा बसला असेल. कंपनीला दुसरी कोणी गाणारी आणायची असेल, म्हणून मुद्दाम खराब माल पाठवला असेल. माझ्याशिवाय कोणी सुटलं नाही.

शुक्रवारी बाई नदीवर गेल्यावर मी फडकं घेऊन ग्रामोफोनपाशी गेले. तबकडी वरच होती. चावी दिली, सुई टेकवली. ऐकायच्या आधी मला दिसलं. तबकडी फिरताना एका बाजूनं उचलली जात होती आणि सुई लाटेवरच्या होडीसारखी वर चढे, खाली उतरे. वर चढताना आवाज हले. मग वाजंत्री सुरू झाली आणि तीही हलली, पितळी वाद्यं, ढोल, सगळं. मी सुई उचलली. मंगळवारचं ऊन आठवलं.

शनिवार पूर्ण गेला, मी गप्प होते. सांगितलं तर मी जाणार. नाही सांगितलं तर बाईंची गाणी जाणार, आणि घरासकट मीही जाणार. पण खोटं सांगत नाही, गप्प राहिले तर निदान दोष माझा ठरणार नाही, हा विचारही आला होता.

रविवारी सकाळी त्या केस विंचरत होत्या. मी म्हटलं, "बाई, तुमचा आवाज नाही बिघडला. तबकड्या वाकल्यात. मी त्यांना ऊन दाखवलं."

त्यांनी आरशातूनच माझ्याकडे बघितलं. "तुला कोणी शिकवलं हे बोलायला?"

कोणी नाही म्हटलं तरी त्यांचा विश्वास बसेना. मला बरं वाटावं म्हणून बोलतेस, घर सुटेल म्हणून बोलतेस, असं म्हणाल्या. दुसरं खोटं नव्हतं, म्हणून मला रडू आलं. रडता रडताच म्हटलं, "तुम्ही पुढचं ऐकलंच नाही. ते वाजवणारे पण हलतात. तुमच्या एकटीचा दम गेला असेल, बाई, पण सोळा माणसांचा एकदम कसा जाईल?"

फणी केसांतच राहिली. त्या उठल्या, चावी दिली आणि या वेळी सुई मधोमध ठेवली, जिथे नुसती वाजंत्री होती. सोळा जण लाटांवर वरखाली झाले. बाईंनी वाकून डोळा तबकडीच्या पातळीला आणला, बराच वेळ बघितलं आणि मग विचारलं, "ऊन कुठे दाखवलंस?" मी खाट दाखवली. खाटेवर मिरच्या होत्या.

कंपनीच्या माणसाला त्यांनी सांगितलं की तबकड्या प्रवासात खराब झाल्यात, दुसऱ्या पाठवा. माझं नाव घेतलं नाही. त्यांनी असं का केलं असेल, या संशयात मी पुढचे पंधरा दिवस काढले आणि गाठोडं बांधून तयार ठेवलं.

दुसरा नमुना आला तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं. आठही गाणी वाजवली. मी तबकड्यांकडेच बघत होते. ताटासारख्या सपाट होत्या. सातवं गाणं संथ होतं. त्याच्या अगदी शेवटी, वाजंत्री थांबल्यावर, बाईंचा आवाज किंचित हलला. तबकडी हलली नव्हती.

बाईंनी सुई उचलली. "आता? हलला?"

"नाही," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आदल्या वेळी मी खरं बोलले होते तेव्हा जशा आरशातून बघत होत्या, तशाच. मग त्यांनी पेन मागितलं आणि रुकाराच्या कागदावर सही केली.

नाताळात ते पुस्तक बाजारात आलं. एक प्रत त्यांनी मला दिली, वर बर्फातलं घर. बाईंनी ते सातवं गाणं परत लावलं नाही आणि माझ्याकडे ग्रामोफोन कधीच नव्हता, त्यामुळे ते मी पुन्हा ऐकलेलं नाही. दसऱ्यानंतर अजूनही घरातलं सगळं उन्हात काढते. ते पुस्तक मात्र फडक्यात गुंडाळून आतल्या अंधाऱ्या फळीवर ठेवते.