सातव्यापासून पुढची गाणी

आम्ही चौघं अपडाऊन करणारे. राहायला बीडला आणि शाळा चकलांब्याच्या अलीकडच्या एका गावात. मी इंग्रजी शिकवते. माझ्याबरोबर हिंदीच्या मॅडम, गणिताचे सर आणि खेळाचे सर. बरीच वर्षं आम्ही गेवराईपर्यंत एस.टी.नं आणि तिथून पुढे जीपनं जात होतो. मग गणिताच्या सरांनी पुण्याहून एक जुनी गाडी आणली आणि आम्ही तिघांनी तिच्यात आपापल्या जागा धरल्या. हिंदीच्या मॅडम पुढे, कारण त्यांना मागे बसलं की मळमळतं. मी आणि खेळाचे सर मागे.

पहिल्याच सोमवारी गणिताच्या सरांनी गाडीतला टेप लावला. आतमध्ये आधीच्या मालकाची एक सीडी होती. थोडा वेळ ती घरघरली, पडद्यावर काहीतरी इंग्रजी अक्षरं आली आणि एकदम मधूनच गिटार सुरू झाली. मग ढोल. मग एक माणूस असा ओरडला की हिंदीच्या मॅडमनी दोन्ही हात कानांवर नेले.

"काढा हो ते," त्या म्हणाल्या.

सरांनी सीडी बाहेर काढायचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. अंगठ्यानं दाबलं, चावीनं दाबलं. सीडी काही बाहेर येईना. रेडिओ लावला तर बीडची वेस ओलांडताच नुसती खरखर. टेप बंद केला, तर खेळाचे सर म्हणाले, "असू द्या की चालू. गाडीत कायतरी वाजाया पायजे. न्हाईतर आपुन शाळंच्या गप्पा मारतो अन् डोकं दुखतंय."

असा तो बँड आमच्या गाडीत आला. बँड जगप्रसिद्ध. त्याचं नाव मलाही माहीत होतं, कारण बीडच्या बाजारात रस्त्यावर कपडे विकणाऱ्यांकडेसुद्धा ते छापलेले टी-शर्ट असतात आणि घालणाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो. आधीच्या मालकानं सीडीच्या पाकिटाचा कागद गाडीच्या पुढच्या खणात टाकलेला होता, त्यावर ते नाव आणि अकरा गाण्यांची यादी होती. पण पहिली सहा गाणी काही केल्या वाजायची नाहीत. सीडीला ओरखडे पडले होते. आधीच्या मालकानं तीच सहा गाणी लावून लावून झिजवली असावीत, असा गणिताच्या सरांचा अंदाज. टेप सुरू केला की तो सहा वेळा अडखळायचा आणि सातव्यावर येऊन मोकळा श्वास घ्यायचा. तिथून पुढे अकराव्यापर्यंत एकदम स्वच्छ. अकरावं संपलं की परत सातवं.

जाताना पाच गाणी आणि येताना तीच पाच गाणी. दुसरं काही नाहीच म्हटल्यावर माणूस काय करणार? पहिल्या आठवड्यात आम्ही ती सहन केली. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्यावर बोलायला लागलो. श्रावण संपेपर्यंत आम्ही त्यांना नावं ठेवली होती, म्हणजे खरोखरची नावं. सातव्याला हिंदीच्या मॅडमनी 'उठा उठा' म्हटलं, कारण ते हळू सुरू होऊन एकदम अंगावर यायचं. आठव्यात शब्दच नव्हते, नुसती वाद्यं, आणि तळाशी एक सारखा ठोका. खेळाच्या सरांच्या गावात पूर्वी डिझेलवर चालणारी पिठाची गिरणी होती, तिचा आवाज अगदी असाच होता म्हणे. म्हणून ते 'गिरणी'. नववं 'रुसवा', दहावं 'भांडण'. अकरावं एकदम शांत, एका माणसाचं आणि एका गिटारीचं. त्याला नाव द्यायला कोणी धजेना. ते बिननावाचंच राहिलं.

"मॅडम, काय म्हणायलाय वो ह्यो?" खेळाचे सर मला दर दोन दिवसांनी विचारायचे. इंग्रजीची बाई मी, त्यामुळे त्यांचा प्रश्न रास्तच होता.

"मला नाही कळत."

"तुम्हाला न्हाई कळत?"

"सर, तुम्ही जोगवा म्हणणाऱ्या बायकांचे सगळे शब्द ओळखता का?"

त्यावर त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "न्हाई. पण ऐकाया बरं वाटतंय." आणि तो विषय तिथंच संपला.

दिवाळीच्या सुट्टीत शाळा नव्हती, गाडी नव्हती, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ती गाणी माझ्या डोक्यात घर करून बसली आहेत. मी चकल्या पाडत होते आणि तोंडानं 'रुसवा' गुणगुणत होते. नवरा पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला आणि तांब्या हातात धरून उभा राहिला.

"काय म्हणतेस ते?"

"आमच्या गाडीतलं गाणं आहे." मी बँडचं नाव सांगितलं.

माझा नवरा बँकेत आहे. सरळ माणूस. बँक, घर, रविवारची मंडई. पण लग्नाआधी तो संभाजीनगरला इंजिनिअरिंगला होता, तेव्हा त्या शहराला औरंगाबाद म्हणायचे, आणि तिथल्या होस्टेलमध्ये त्यानं हा बँड रात्रंदिवस ऐकला होता. खोलीत पोस्टर होतं. केस मानेपर्यंत वाढवले होते. हे सगळं मला सासूबाईंनी सांगितलेलं, त्यानं नव्हे. तो म्हणाला, "त्या बँडचं असलं गाणं नाही. मला त्यांची सगळी पाठ आहेत."

"अहो, आहे."

"नाही गं. तुमच्या सरांच्या सीडीवर भलतंच काहीतरी असेल."

मी त्याला 'भांडण' म्हणून दाखवलं. ते त्याला माहीत नव्हतं. मग 'गिरणी'चा ठोका चकलीच्या सोऱ्यावर वाजवून दाखवला. तेही माहीत नव्हतं. तेव्हा मात्र त्याचा चेहरा पडला. त्याचा पडलेला चेहरा बघून मला हसू आवरेना, आणि तो म्हणाला, "हसू नकोस. मी तुमच्या गाडीत येतो एकदा."

मला वाटलं तो विसरेल. पण शाळा सुरू झाली आणि बँकेला सुट्टी असलेल्या पहिल्याच शनिवारी तो पहाटे अंघोळ करून तयार. शनिवारी आमची शाळा सकाळची, अजून गारठा होता. गाडी दारात आली. हिंदीच्या मॅडमनी त्याला बघितलं आणि मळमळ विसरून आपली पुढची जागा त्याला देऊ केली. तो नको नको म्हणाला, पण मॅडमनी ऐकलं नाही. "तुम्ही ऐकायला आलात. पुढेच बसा. मागचा एक स्पीकर बंद आहे."

टेप सहा वेळा अडखळला आणि 'उठा उठा' सुरू झालं. नवऱ्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून खेळाचे सर म्हणाले, "साहेब, आत्ता न्हाई. ढोल येऊ द्या."

ढोल आला. बाहेर वेचणीला आलेला कापूस पांढरा दिसत होता. 'रुसवा' लागला तेव्हा त्यानं खणातला तो कागद काढला, नववं नाव वाचलं आणि गाडीत सगळ्यांना ऐकू जाईल असा हसला.

"ही कॅसेट होती माझ्याकडे," तो म्हणाला. "हीच. आमच्या खोलीत तिघं होतो. ही दुसरी बाजू लागली की कोणीतरी उठून पुढे पळवायचं. परत पहिल्या बाजूची दोन गाणी. परत तीच. पोरं जमली की तीच दोन लागायची."

"कावून?" खेळाच्या सरांनी विचारलं.

"ती सगळ्यांना येत होती. ओरडता येत होतं त्यांच्यावर."

गणिताचे सर रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "म्हणजे तुम्हाला पहिली सहा माहीत आणि आम्हाला पुढची पाच. दोघांचा मिळून एक अल्बम झाला."

नवऱ्याला हे फार आवडलं. शाळा येईपर्यंत तो एकेक गाण्याबद्दल आम्हाला विचारत होता आणि आम्ही चौघं एकदम बोलत होतो. 'भांडण'मध्ये दोन गिटारी आहेत की एकच, यावर हिंदीच्या मॅडम आणि गणिताचे सर गेले तीन महिने वाद घालत होते, तो वाद त्यानं ऐकला आणि मॅडमच्या बाजूनं निकाल दिला. शाळेच्या फाटकापाशी अकरावं लागलं. सरांनी गाडी बंद केली नाही. गाणं संपेपर्यंत आम्ही पाचही जण आत बसून राहिलो आणि मुलं काचेतून आत बघत होती. नवरा त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत मैदानावरच्या लिंबाखाली बसला, मुलांशी क्रिकेट खेळला आणि परतीच्या वाटेवर मागे, खेळाच्या सरांच्या शेजारी बसला.

त्यानं फोनवर ती पाचही गाणी शोधून काढली. ही गोष्ट आम्हा चौघांपैकी कोणाच्याही डोक्यात आली नव्हती. आम्हाला ती गाडीतच राहतात असं वाटायचं.

मग जानेवारीत स्नेहसंमेलन आलं. दिवाळीनंतर आमचे वर्ग निम्मे होतात, आईबाप ऊसतोडीला जातात आणि काही मुलं त्यांच्याबरोबर जातात. जी मागे राहतात, आजीजवळ किंवा वसतिगृहात, त्यांना घेऊन संमेलन करायचं. खेळाच्या सरांनी जाहीर केलं की यंदा लेझीम 'गिरणी'वर होणार.

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. "इंग्रजी गाणं? सर, सरपंच येणार आहेत."

"इंग्रजी कुठं हाय सर? त्याच्यात एक शब्द न्हाई."

मुख्याध्यापकांनी फोनवर ते पूर्ण ऐकलं. शब्द सापडला नाही. परवानगी मिळाली.

पण लेझीम काही बसेना. मुली छान सुरू करायच्या, आणि एका ठिकाणी नेमक्या चुकायच्या, सगळ्या एकदम. निम्म्या वर, निम्म्या खाली. खेळाचे सर रडकुंडीला आले. शेवटी गणिताचे सर मैदानात खुर्ची टाकून बसले, डोळे मिटले आणि ठोके मोजले. तिथे वाजवणाऱ्यानं एक ठोका जास्त घातलेला होता. रोज दोनदा ऐकूनही आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

"चुकला का काय तो?" खेळाचे सर म्हणाले.

"मुद्दाम केलंय," गणिताचे सर म्हणाले. "मुलींना सांगा, तिथं एक उडी."

ती उडी आली आणि सगळं जमलं. संमेलनाच्या दिवशी नवरा बँकेतल्या मित्राचा मोठा स्पीकर घेऊन आला. मंडपात बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना काही कळायच्या आत गिटार सुरू झाली, मग गिरणीचा ठोका, आणि नऊवारी नेसलेल्या पंचवीस-तीस मुली लेझीम घेऊन आत आल्या. त्या एका ठोक्याला सगळ्या एकदम उडाल्या तेव्हा मंडपातून जो आवाज आला, तो अजून माझ्या कानात आहे. हिंदीच्या मॅडम टाळ्या वाजवता वाजवता रडत होत्या. त्यांच्याकडे न बघितलेलंच बरं, असं ठरवून मी समोर बघत राहिले.

सरपंचांनी भाषण संपल्यावर खेळाच्या सरांना बाजूला घेतलं. "सर, लई भारी. कुठली बँजो पार्टी हाय ही?"

"बाहेरगावची हाय," सर म्हणाले.

"गेवराईची वाटली मला. पुतण्याच्या लग्नाला सांगता येतील का?"

"येतील का न्हाई सांगता येत न्हाई," सर अगदी गंभीरपणे म्हणाले. "म्हातारे झालेत आता."

लेझीमचा व्हिडिओ सरांनी मुलींच्या आईबापांना पाठवला. ती सगळी मंडळी तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकात, कुठं कुठं फडावर होती. दोन दिवस सरांच्या फोनवर निरोप येत राहिले. एका आईनं विचारलं होतं, "माझी कुठली वो? तिसऱ्या ओळीतली का?" एका बापानं नुसतं स्वतः शिट्टी मारलेलं रेकॉर्ड करून पाठवलं होतं. आणि एकानं लिहिलं होतं, सर, तेवढं गाणं पाठवा. सरांनी गाणं पाठवलं. ज्यानं मागितलं त्याला, आणि न मागितलेल्यांनाही.

मार्चच्या शेवटी साखर कारखाने बंद व्हायला लागले आणि माणसं परत यायला लागली. एका दुपारी आम्ही शाळेतून परत निघालो होतो. ऊन मी म्हणत होतं. गेवराईच्या अलीकडे पुढे एक ट्रॅक्टर चालला होता, मागे दोन ट्रॉल्या. त्यात बिऱ्हाडं, भांडी, चारपाया, खोपटांचे बांबू, दोन शेळ्या आणि वर बसलेली माणसं. ट्रॅक्टरवर टेप होता, जसा ऊसवाल्या प्रत्येक ट्रॅक्टरवर असतो, आमच्या सगळ्या गाडीपेक्षा मोठा. गणिताच्या सरांनी पुढे काढायला म्हणून गाडी जवळ नेली, आणि खेळाच्या सरांनी मागून त्यांच्या खांद्यावर हात टाकला.

"थांबा सर. टेप बंद करा आपला."

सरांनी टेप बंद केला. ट्रॅक्टरवर 'गिरणी' वाजत होती. त्या बँडनं ते गाणं केलं तेव्हा त्यांना एवढा आवाज मिळाला नसेल. ट्रॉलीवरची एक बाई चारपाईच्या खुरावर हातानं ठोका धरून बसली होती, आणि तो जास्तीचा ठोका आला तेव्हा तिच्या मांडीवरच्या पोराला तिनं वर उडवलं.

"पुढे नाही ना काढत?" हिंदीच्या मॅडमनी विचारलं.

"छे," गणिताचे सर म्हणाले आणि गिअर खाली आणला. धुळीत, शेळ्यांच्या तोंडाकडे बघत, आम्ही गेवराईपर्यंत त्या ट्रॅक्टरच्या मागोमाग गेलो.