सटवाजीची दस्ती

माणसावर चटकन विश्वास टाकणाऱ्यांचं मला पहिल्यापासून नवल वाटत आलंय. आमच्या घराण्यात ती चूक सहसा कुणी केली नाही. आमचे वडील गवळ्याला ओट्यावर बसवून त्याच्यासमोर दूध तापवत आणि साय किती जाड धरते ते बघितल्याशिवाय त्याला उठू देत नसत. मी त्यांच्यावर ताण केली. लग्नात सासऱ्यांनी घातलेली अंगठी दुसऱ्याच दिवशी सोनाराकडं नेऊन घासून बघितली. सोनं चोख निघालं. माझी बायको विमला ते अजून विसरलेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण स्वतःचा स्वभाव लपवून सटवाजी माळ्याची गोष्ट मला सांगता यायची नाही.

मी, अनंतराव, तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत अहलकार होतो. अहलकार म्हणजे कारकूनच. निजामाच्या राज्यात शब्द तेवढा भारदस्त. गावाचं नाव घेत नाही, माझी माणसं अजून तिथं राहतात. कचेरीच्या आणि शेजारच्या तहसीलदारांच्या बंगल्याच्या आवारात मिळून गुलफानूसची अकरा झाडं होती. काही जण त्याला चिनाई मेंदी म्हणत. दीड-दोन पुरुष उंची, पेरूसारखं गुळगुळीत खोड, आणि आषाढ लागला की फांद्यांच्या शेंड्यांना गुलाबी, चुण्याचुण्यांची फुलं. दसऱ्यापर्यंत बहर टिकायचा. बाजाराच्या दिवशी खेड्यातल्या बाया कचेरीत काही काम नसताना नुसती ती झाडं बघायला फाटकाशी थांबायच्या.

झाडं सटवाजीनं आणलेली. तो चारठाण्याजवळच्या एका वाडीचा. प्लेगात आई-बाप गेले तेव्हा पोटासाठी हैदराबादेला गेला आणि कुण्या नवाबाच्या बागेत नऊ वर्षं एका म्हाताऱ्या माळ्याच्या हाताखाली राबला. परतताना त्यानं गुलफानूसच्या काड्या ओल्या पोत्यात गुंडाळून आणल्या. मोठं स्टेशन आलं की उतरायचा आणि पोतं नळाखाली धरायचा. एका ठिकाणी तो पोतं भिजवत राहिला आणि गाडी सुटली. वळकटी, तांब्या, नव्या वहाणा, सगळं गाडीबरोबर गेलं. सेलूला तो दुसऱ्या दिवशी अनवाणी उतरला, काड्या मात्र हातात होत्या. विसातल्या अकरा जगल्या. त्या वेळच्या तहसीलदारांनी त्याला कचेरीचा माळी म्हणून ठेवून घेतलं. हे सगळं त्यानंच सांगितलेलं, त्यामुळं मी अर्धंच खरं धरलं होतं.

माणूस अबोल. बसका बांधा, मातीनं चिरलेली बोटं, आणि खांद्यावर कायम लाल काठाची दस्ती. दस्ती म्हणजे आमच्याकडं हात-तोंड पुसायचा मोठा रुमाल.

मला त्याचा पहिला संशय आला तो त्याच्या कामावरून. संक्रांत झाली, झाडांची पानं गळाली, की छाटणीचा हंगाम. गावातले इतर माळी मेंदीचं कुंपण अर्ध्या दिवसात सपाट करून मोकळे होत. हा पठ्ठ्या एका झाडाभोवती दोन-दोन दिवस फिरायचा. हात मागं, मान वर. मधेच एखादी बोटाएवढी फांदी कापायचा, कापल्या जागी शेणमातीचं बोट फिरवायचा, आणि पुन्हा बघत बसायचा. सगळी झाडं उरकली तरी खाली पडलेल्या फांद्यांनी एक बैलगाडी भरायची नाही. सरकारचा पगार खातो आणि झाडं बघत बसतो, असं मी घरी म्हणालो तर विमला म्हणाली, "तो झाडाला बघतो, तुम्ही कचेरीत बसून त्याला बघता. फरक काय?" बायकांना कचेरीतलं काही कळत नाही, असं म्हणून मी ताटावर बसलो.

आणि मग ती दस्ती. माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून तिसरं झाड नीट दिसायचं. छाटणी झाली की सटवाजी इकडंतिकडं बघायचा, खांद्यावरची दस्ती काढून तिचा सैल बोळा करायचा आणि झाडाच्या मधोमध फेकायचा. दस्ती फांद्यांतून पलीकडं जाऊन दिसेनाशी व्हायची. मग तो झाडाला वळसा घालून मागं जायचा, कधी कधी बराच वेळ तिथं असायचा, आणि दस्ती खांद्यावर टाकून परत यायचा. झाडांच्या मागं रस्ता होता. बाहेरगावची माणसं त्याच रस्त्यानं येत-जात.

एरवी मी नुसता मनात कुढलो असतो. पण साल अठ्ठेचाळीस होतं. सरहद्दीपलीकडं चळवळीचे कॅम्प होते, नाक्यांवर हल्ले होत होते, रझाकारांची भीती होती, आणि गावात कोण कुणाचा माणूस हे सांगता येत नव्हतं. सख्खे भाऊ एकमेकांशी हळू बोलत. माझ्यासारख्याला तर तो सुगीचाच काळ. मी एका कागदावर टिपणं ठेवायला लागलो: सोमवारी दस्ती दोनदा फेकली, बुधवारी तीनदा, मागं बराच वेळ थांबला. दस्तीला गाठ मारलेली असणार, गाठीत चिठ्ठी असणार, मागं कुणीतरी उभं असणार. उठून त्या झाडामागं जाऊन बघावं, असं मात्र मला एकदाही सुचलं नाही. तिकडं नागफणीचे काटे आणि चिखल होता, आणि माझ्या वहाणा नव्या होत्या.

शेवटी मी पोलिसांकडं अर्जी टाकली. खाली नाव घातलं नाही. ठाण्याच्या प्रमुखाला अमीन म्हणत. अमीनसाहेबांनी त्याच दुपारी सटवाजीला उचललं, आणि जबाब लिहून घ्यायला नेमकं मलाच बोलावलं.

"दस्ती फेककू इशारा किसकू करता रे?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"झाडाला, साहेब," सटवाजी म्हणाला.

अमीनसाहेबांना ती थट्टा वाटली. त्यांनी त्याच्या थोबाडीत दिली. सटवाजीनं गाल चोळला आणि माझ्याकडं वळून सांगायला लागला, कारण लिहिणारा मी होतो.

"लिवून घ्या, रावसाहेब. आधी वाळकं काढायचं. मंग एकमेकाला घासणाऱ्या फांद्यांतली एक काढायची. मंग पायातून फुटलेलं. अंगठ्याहून जाड फांदीला हात लावायचा न्हाई, अन् झाडाचं मुंडकं तर छाटायचंच न्हाई. मंग दस्ती फेकायची. आरपार गेली तर झाडात वारं खेळतंय. अडकली तर जिथं अडकली ती फांदी काढायची. माझ्या उस्तादानं असंच शिकवलंय."

मी ते उर्दूत उतरवलं आणि लिहिता लिहिता मनात म्हणालो, बनेल आहे. झाडापाशी चला, याला दस्ती फेकून दाखवू द्या, एवढं एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. ते मी बोललो नाही. बाहेर पायरीवर त्याची बायको दगडाबाई बसली होती. मला बघून ती उठली.

"रावसाहेब, त्यो काय करायलाय ते तुमी तर रोज बघता खिडकीतून. तुमी सांगा की साहेबाला."

मी मान हलवली आणि चालू लागलो. त्या मान हलवण्याची मला आजही लाज वाटते.

सटवाजी अडीच महिने हवालातीत होता. इकडं झाडांचाही निकाल लागला. कचेरीतून रस्ता साफ दिसला पाहिजे, आड काही नको, असा हुकूम निघाला आणि देखरेख माझ्याकडं आली. लाकूडतोड्यानं कुऱ्हाडीनं दहा झाडं छातीएवढ्या उंचीवर तोडली. मनगटाएवढ्या, पोटरीएवढ्या फांद्या एका घावात खाली आल्या. अकरावं झाड तहसीलदारसाहेबांच्या बंगल्यात, जनान्याच्या अंगणात होतं. सटवाजीसुद्धा घरची मंडळी हैदराबादेला गेली की मगच ते छाटायचा, आणि त्या वर्षी ते त्यानं सगळ्यांच्या आधी उरकलं होतं. तिथं लाकूडतोड्याला जायची सोय नव्हती म्हणून ते वाचलं. खरं सांगतो, तोडलेली ती दहा झाडं मला तेव्हा बरी दिसली. एका ओळीत, एका मापाची, आणि सगळं काम एका सकाळीत.

चैत्रात सटवाजी सुटला, कारण पुरावा काहीच नव्हता. नोकरी गेली होती. तो फाटकाशी आला, झाडांकडं बघून आत पाऊल न टाकता वाडीला निघून गेला, असं चपराशी सांगत होता.

पाऊस सुरू झाला तसे तोडल्या जागांवर केरसुणीसारखे धुमारे फुटले, एकेका बुंध्यावर वीस-पंचवीस. आषाढ गेला, फूल नाही. श्रावण सरता सरता त्या लांबलचक काटकुळ्या धुमाऱ्यांना मोठाले गुच्छ आले आणि पहिल्याच झडीत सगळे वाकून चिखलात लोळले. काही तर बुडातून निखळले. बाजाराला आलेल्या बाया नेहमीसारख्या फाटकाशी थांबल्या. त्यांतली एक मोठ्यानं म्हणाली, "कुन्या मुडद्यानं झाडाचे हात तोडले गं?" मी खिडकी लावून घेतली.

सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. तहसीलदारसाहेब कुटुंबासह निघून गेले आणि बंगल्यातल्या सामानाची यादी करायला मला पाठवलं. आतल्या अंगणात गेलो आणि यादी हातातच राहिली. अकरावं झाड फुलांनी भरलं होतं. दोन दिवस पाऊस लागला होता, तरी एक फांदी खचलेली नव्हती, आणि ऊन फांद्यांमधून थेट खोडापर्यंत उतरलं होतं. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. मी इकडंतिकडं बघितलं, अगदी सटवाजी बघायचा तसं, आणि खांद्यावरच्या उपरण्याचा बोळा करून झाडात फेकला. पानाफुलांना घासत तो आरपार गेला आणि पलीकडं पडला.

मी तसाच कचेरीच्या आवारात आलो आणि तिसऱ्या झाडाच्या मागं गेलो. नऊ वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. नागफणी होती, चिखल होता, आणि नागफणीनं पार झाकून टाकलेली, माझ्या डोक्याहून हातभर उंच दगडी भिंत होती. रस्ता तिच्या पलीकडं. माझी खिडकी उंचावर, त्यामुळं मला रस्ता दिसायचा आणि भिंत दिसायची नाही. तिथून कुणाला चिठ्ठी द्यायची तर भिंतीला भोकच पाडावं लागलं असतं. तो मागं बराच वेळ काय करायचा, तेही कळलं. काट्यांत पडलेली दस्ती न फाडता सोडवायला वेळ लागतो. मी बाहेर निघताना धोतर दोन ठिकाणी फाडून घेतलं.

दिवाळी झाल्यावर मी त्याच्या वाडीवर गेलो. त्याला पुन्हा कामावर घेण्याचा नव्या साहेबांचा कागद खिशात होता. दगडाबाई दारात मूग निवडत होती. तिनं पाणी दिलं आणि पुन्हा मूग निवडायला बसली. अर्जी माझी होती हे सांगायचं, असं मी वाटभर घोकलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच: "सटवाजी, झाडं वाचतील का?"

"बघावं लागंल," तो म्हणाला, आणि कात्री शोधायला आत गेला.

पानं गळाली तसा तो कामाला लागला. प्रत्येक तोडल्या जागेवरचे बाहेरच्या अंगाला झुकलेले दोन-तीन जोमदार धुमारे ठेवायचे, बाकीचे बुडातून काढायचे, असं त्याचं चाललं होतं. "गाठ काई जायची न्हाई," तो म्हणाला. "पर फांदी जाड झाली की निम्मी झाकंल." मी आता खिडकीतून बघत नव्हतो, सुट्टीत झाडाखाली जाऊन उभा राहायचो. पण मला नवाच संशय लागला होता: याला ठाऊक आहे का? तो काही विचारायचा नाही. जो माणूस काहीच विचारत नाही त्याला सगळं ठाऊक असतं, असं माझं मत आहे.

तिसरं झाड उरकलं त्या दिवशी मला राहवलं नाही. "सटवाजी, ती अर्जी मी लिहिली होती."

तो कात्री पुसत होता. "ठाऊक हाय," तो म्हणाला. "जबाब लिवताना तुमी एकदा बी मान वर केली न्हाई."

मग त्यानं खांद्यावरची दस्ती काढली. मला वाटलं, आता घाम पुसेल आणि निघून जाईल.

"पलीकडं जाऊन उभं ऱ्हावा, रावसाहेब. लय दिस एकाच बाजूनं बघितलं तुमी."

मी काट्यांतून वाट काढत गेलो आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. दस्ती फांद्यांमधून आली, कुठंही न अडता, आणि माझ्या पायाशी पडली. मी ती उचलली. देवाशपथ सांगतो, माझ्या मनात काही नव्हतं. पण हात आमच्या घराण्याचे. त्यांनी दस्ती उलगडली, झटकली, आणि चारही कोपरे चाचपून गाठ आहे का बघितलं.

मान वर केली तर मोकळ्या फांद्यांमधून सटवाजी माझ्याकडंच बघत होता.

"काय सापडलं का, रावसाहेब?" त्यानं विचारलं.