भावजींचं काचघर

माझ्या भावजींनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट अंदाजाने केली नाही. म्हणजे एक केली, तिच्याकडे येतोच. पण एरवी चहातली साखरसुद्धा चमचाभर म्हणजे चमच्याच्या काठापर्यंत, वर आलेला ढीग सुरीच्या पात्याने बरणीत परत. एका कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली आणि सगळं जग हे कुणीतरी घाईघाईत काढलेलं, तपासायचं राहून गेलेलं ड्रॉइंग आहे अशी त्यांची कायमची समजूत झाली. ताईला बघायला ते आमच्या शनिवार पेठेतल्या घरी आले तेव्हा आत शिरताना त्यांचं डोकं चौकटीवर आपटलं. दुसरा कुणी असता तर कपाळ चोळत मुकाट्याने पोहे खाल्ले असते. यांनी खिशातून टेप काढला, चौकट मोजली आणि माझ्या वडिलांना सांगितलं, "दार पावणेसहा फूट आहे. मी पाच फूट दहा." वडील शांतपणे म्हणाले, "दार बदलता येणार नाही. मुलगा बदलता येईल." आतल्या खोलीत ताई खुदकन हसली, ते बाहेर ऐकू आलं, आणि तेवढ्यावर लग्न जमलं असं आमच्याकडे सांगतात.

तो टेप म्हणजे त्यांचा दुसरा संसार. एकदा नवा घ्यायला मला घेऊन बुधवार पेठेत गेले. दुकानदाराने दिलेला टेप त्यांनी गल्ल्यावर पसरला, शेजारी स्वतःचा जुना पसरला, चष्मा कपाळावर चढवून दोन्हींवर वाकले आणि म्हणाले, "तीन मीटरला केसभर फरक आहे." दुकानदार वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला, "मग जुनाच वापरा." भावजींना हे उत्तर इतकं आवडलं की पुढे ते मुद्दाम त्याच दुकानात जात. माझ्याशी बोलताना त्यांचं एरवी "अरे-तुरे" असे. मी "साधारण", "जवळपास" असा शब्द वापरला की लगेच "आपण" सुरू व्हायचं. "आपण साधारण किती वाजता येणार आहात? म्हणजे मी साधारण दार उघडतो."

निवृत्तीनंतर बिबवेवाडीतल्या छोट्या बंगल्यात दोघंच होती. ताईचा संधिवात वाढला होता. सकाळी हाताची मूठ मिटायची नाही, कपाची कडी धरता यायची नाही. डॉक्टरांनी सांगितलं, थंडीत सकाळचं ऊन घ्या. पण अंगणात बसावं तर गार वारा लागून गुडघे आखडत, आणि गच्चीचा जिना तिला चढवत नव्हता. वारा नको, ऊन हवं. भावजींनी त्याच दिवशी कागद-पेन्सिल घेतली. पूर्वेच्या भिंतीला लागून दहा बाय आठची खोली, सागवानी सांगाडा, तिन्ही बाजूंना काच आणि छतालाही काच. ताई म्हणाली, "अहो, मे महिन्यात आत पापड वाळतील." "वाळू देत," भावजी म्हणाले, "तुला तेवढीच मदत." त्या खोलीला ते काचघर म्हणत. गल्लीतले लोक मत्स्यालय म्हणायचे.

लाकूड दिवाळीतच आलं. मिस्त्री हत्यारं घेऊन हजर झाला, तर भावजींनी त्याला चहा देऊन परत पाठवलं. त्यांचं म्हणणं, सागाने या घराचा एक उन्हाळा आणि एक पावसाळा बघितला पाहिजे. काय वाकायचं, फुगायचं ते त्याने आधीच उरकून घ्यावं; नंतर काच तडकली तर ते चालणार नाही. म्हणून वर्षभर बैठकीच्या खोलीत वासे रचलेले. पाहुण्यांनी वाशांवर बसायचं. दर रविवारी प्रत्येक वाशाची जाडी मोजून वहीत मांडायची आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला पूर्वेच्या भिंतीवर ऊन कुठवर आलं त्याची पेन्सिलने रेघ मारायची. मिस्त्री अधूनमधून डोकावून जाई. भाद्रपदात एकदा म्हणाला, "साहेब, लाकूड वाळलं. आता आपण वाळतोय."

त्याच पावसाळ्यात शेजारचे तात्या पेढे घेऊन आले. तात्या मूळचे बिबवेवाडीचेच, पूर्वेचा मोकळा प्लॉट त्यांचा, आणि तो त्यांनी बिल्डरला दिला होता. पेढा हातावर ठेवत म्हणाले, "साहेब, हितं सात मजली हुभी राहनार हाय. पुढल्या दिवाळीपतूर उरकतो म्हनतोय त्यो. तुमचं काचंचं काय ते बघा बरं." भावजी वाशाला टेप लावून बसले होते. म्हणाले, "तात्या, पुण्यात बिल्डरने वेळेवर काम संपवलेलं कधी पाहिलंत? चारपाच वर्षं तरी काही होत नाही." त्यांच्या आयुष्यातला हाच तो अंदाज.

काचघर मात्र बघण्यासारखं झालं. एकही खिळा नाही. खाच, खुंटी आणि ओळंब्यात उभे खांब. काचेच्या कडेला भरलेली पुटीसुद्धा पट्टी लावून आखल्यासारखी. संक्रांतीला ताई आत जाऊन खुर्चीवर बसली. खुर्चीच्या चार पायांच्या जागा भावजींनी फरशीवर आधीच आखून ठेवल्या होत्या. आठवड्याभरात तिने मला फोन करून सांगितलं, "आज कप धरला बरं का. एका हाताने." थंडीचा उरलेला तो दीड महिना ती फार खुशीत होती.

बिल्डरने काम वेळेवर संपवलं. पुढची थंडी आली तेव्हा समोर सात मजले उभे होते आणि काचघरात दुपारपर्यंत सावली. ताई तरीही रोज सकाळी शाल गुंडाळून त्या खुर्चीत बसायची. तक्रार नाही, काही नाही. "छान उजेड येतो," म्हणायची. मी गेलो तर कप पुन्हा दोन्ही हातांनी धरलेला. भावजी मला अंगणात घेऊन गेले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "लाकडाला एक पावसाळा दाखवला," ते म्हणाले, "आणि हिचा एक हिवाळा घालवला." खरंच होतं ते.

मग एके सकाळी काचघराच्या फरशीवर तळहाताएवढा उन्हाचा तुकडा हलताना त्यांना दिसला. गल्लीपलीकडे जुनी चार मजली इमारत होती. नव्या इमारतीच्या बाजूने निसटलेलं ऊन तिच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीच्या काचेवर पडून इकडे येत होतं. भावजी टेप आणि पेन्सिल घेऊन चार जिने चढले. मीही मागोमाग गेलो. दार उघडलं बँकेतून निवृत्त झालेल्या शेखबाईंनी. त्यांच्या चार पिढ्या पुण्यात गेल्या होत्या, त्यामुळे त्या लगेच आत या म्हणाल्या नाहीत. भावजींनी कोनाचं गणित मांडायला सुरुवात केली. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खिडकी माझी, ऊन वरच्याचं. तुम्ही मधे पेन्सिल घेऊन कशाला आलात? वहिनींना ऊन हवंय, एवढं सांगा की." तरी त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर रेघ मारू दिली. सकाळी साडेआठला झडप त्या रेघेपर्यंत उघडायची. खाली ताईच्या मांडीवर ऊन यायचं, एकोणीस मिनिटं. आकडा अर्थात भावजींचा.

शेखबाईंनी दोन हिवाळे एकही सकाळ चुकवली नाही. परगावी जायच्या तर मोलकरणीला किल्ली देऊन जात. ताई खालून हात हलवायची. बोटं सरळ होत नव्हती, तरी हलवायची. तिसऱ्या थंडीच्या तोंडावर ती गेली.

मध्यंतरी मी सकाळचा गेलो होतो. ताईची खुर्ची आखलेल्या चार खुणांवर तशीच, आणि शेजारी स्टुलावर भावजी. साडेआठला वरची झडप उघडली आणि ऊन त्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसलं. मी विचारलं, "शेखबाईंना सांगितलं नाहीत का, आता नाही उघडलीत तरी चालेल म्हणून?"

"त्या विचारायला आल्या होत्या," ते म्हणाले. "मीच म्हटलं, राहू द्या."

आम्ही दोघं ते ऊन बघत बसलो. टेप शेजारी काचेच्या कट्ट्यावर गुंडाळून ठेवलेला होता, त्यावर थोडी धूळ होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "हल्ली किती मिनिटं राहतं हो?"

"असतं थोडा वेळ," भावजी म्हणाले.