कळकलेली कढी

पुरनलाल बिसेन गुरुजी विज्ञान शिकवायला घरून सूप घेऊन यायचे. चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या त्या गावी मिडल स्कूल होतं, पण प्रयोगाचं सामान म्हणजे एक चुंबक आणि दोन काचेच्या नळ्या. कोंडा आणि कणी पाखडून दाखवत ते म्हणायचे, "हे मिश्रण. वेगळं करता येते. तांबं कितीबी कुटा, तांबंच रायते, ते मूलद्रव्य. आन् तांब्यावर आंबट पडून हिरवं चढते ना, ते संयुग. त्यात तांबं असते, पण तुमच्या सुपाले गवसत नाही."

गुरुजी स्वभावानं भिडस्त होते. भांडणाच्या जागी ते कधी थांबत नसत.

एकोणीसशे चोपन्नच्या उन्हाळ्यात लक्ष्मीचंद पाटलाच्या मुलीचं लग्न निघालं. लक्ष्मीचंद हा गावातला मोठा शेतकरी. त्याच्या चुलतभावाची विधवा रामकली हिच्या हाताला चव होती, म्हणून रांधायला तिलाच बोलावलं. तसं दोघांचं बरं नव्हतं. नवरा गेल्यापासून रामकली आपली बांधी, धानाचा एक तुकडा, स्वतः कसत होती आणि लक्ष्मीचंदला तो तुकडा आपल्या शेताला जोडून हवा होता. पण लग्नकार्यात असलं कुणी काढत नाही.

पितळेचं मोठं पातेलं, गंज, चुलीवर चढवण्याआधी रामकलीनं आत हात फिरवून पाहिला.

"भाऊजी, याची कलई गेली हाय. कढी कळकन, लोकाइले बाधन."

"कलईवाला आता कुठून आणू? एका रातीनं काई होत नाही. तू रांध."

उरलेली आंबट कढी रात्रभर गंजातच राहिली आणि सकाळी पाहुण्यांना वाढली गेली. दुपारपर्यंत माणसं आंगणात ओकत बसली. तरणीताठी सावरली. लक्ष्मीचंदचे वडील, दमेकरी दुधराम, दुसऱ्या दिवशी गेले.

प्रेत उचलायच्या आधीच कुणीतरी करणीचं नाव घेतलं. तेराव्याची वाट न पाहता लोकांनी रामकलीला पाटलाच्या आंगणात आणून उभं केलं. गुरुजींना कळलं तेव्हा ते जेवत होते. तसेच उठून गेले.

"करणी नोहे ही," ते म्हणाले. "गंजाच्या पितळेतलं तांबं आंबटात उतरलं. कढी उरली असन तं दाखवतो."

कोपऱ्यातल्या एका मडक्यात थोडी सापडली. गुरुजींनी लोखंडी सळई राखेनं लख्ख घासली, धुतली आणि कढीत बुडवून ठेवली. माणसं उन्हात बसून राहिली. ऊन कलताना सळई बाहेर काढली, तर बुडालेल्या भागावर तांबूस लेप चढला होता. लोक वाकून पाहू लागले. गुरुजींचा चेहरा उजळला.

"पाहा! हे तांबं. कढीतलं."

लक्ष्मीचंद उठला. बापाच्या दुःखानं त्याचे डोळे सुजले होते. त्यानं विचारलं, "म्हंजे कढीत तांबं होतं, पक्कं?"

"पक्कं."

"आन् मोरचुदात काय रायते, गुरुजी?"

गुरुजींनी सळई खाली ठेवली. बैलांच्या खुरांच्या जखमेला लावायला रामकलीच्या घरी मोरचुदाचे विषारी निळे खडे असतात, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"बोला ना गुरुजी. कायले थांबले?"

"तांबंच," ते म्हणाले. मग घाईघाईनं ओरडले, "पण हे गंजातून आलं! गंज आणा, आत पाहा!"

गंज आणला गेला. बायकांनी तो चिंच-राखेनं घासून सोन्यासारखा केला होता. कलई नव्हती हे दिसत होतं, पण त्याकडे कोण पाहतो? करणी मागे पडली आणि विष पुढे आलं. संध्याकाळी पोलीस शिपाई रामकलीला घेऊन गेला, कढीचं मडकंही.

घरी शांतीबाईनं, गुरुजींच्या बायकोनं, ताट पुन्हा वाढलं. त्यांनी हात लावला नाही.

"तुमी खरं बोलले," ती म्हणाली. "पण एवढं खरं कायले बोलले?"

नागपूरहून तपासणीचा कागद पावसाळा संपल्यावर आला. कढीत तांबं आढळलं, ते कुठून आलं हे सांगता येत नाही, असं त्यात होतं. रामकली सुटली. तोवर तिच्या बांधीत लक्ष्मीचंदचं धान उभं होतं.

शांतीबाईनं तिला आपल्या घरी आणलं आणि पहिल्याच दिवशी चुलीपाशी बसवलं. गुरुजींच्या घरचं पाणी लोकांनी सोडलं. बांधी परत मागायला गुरुजींनी लक्ष्मीचंदकडे दोन खेपा घातल्या. तिसऱ्यांदा त्यानं दार उघडलं नाही. त्याच हिवाळ्यात त्यानं मात्र घरातल्या सगळ्या भांड्यांना कलई करून घेतली. धूर गावभर दिसला.

एकदा भाकरी थापताना रामकली म्हणाली, "गुरुजी, तुमी आले नसते तं मी करणीवाली झाली असती. तुमी आले, मी विषवाली झाली."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. गुरुजी उठून गोठ्याकडे गेले.

पुढच्या वर्षी ती बालाघाटकडे भावाच्या गावी गेली. एकोणसाठच्या थंडीत तापानं मेल्याची खबर आली, तीही महिन्यानंतर. शांतीबाईनं विहिरीवर जाऊन सुतकाचं पाणी डोक्यावरून घेतलं. गुरुजींनी घेतलं. गावात तिसऱ्या कुणी घेतलं नाही.