दुसऱ्या रकान्यातला एम

अन्याय झाला तो अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल शिवणाऱ्या एका बाईवर, मंगळवारी सकाळी आठला, पाळी सुरू होताना. मालकाने आमच्या कामगार गटाचं पत्रक तिच्यासमोर धरलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि तिला गेटवरूनच परत पाठवलं. ती ओळ छापू नका, असं तिने मला सांगितलं होतं. मालकाविरुद्ध मी पानं भरून लिहू शकतो, लिहिणारही आहे. पण ओळ माझ्या हातून गेली.

कामगारांची पत्रकं आधी मी एकटा लिहायचो. मग आमच्या गटात एक मुलगी आली, तेलुगू विणकरांच्या घरातली, संगणक शिकलेली. तिने सगळे मसुदे संगणकावर गिट नावाच्या प्रोग्रॅममध्ये ठेवले, म्हणजे कोणी काय बदललं याची नोंद राहते. नोंदवलेली प्रतच ती छापखान्याला पाठवायची. दोन महिन्यांत जो तो म्हणायला लागला, तिला विचार. ज्या टॉवेलवाल्या बाईकडून मी तासभर खोदून चार वाक्यं काढली, ती हिच्याशी तेलुगूत खिदळत बसली. मला ते बघवेना. गिटमधलं स्टेटस, म्हणजे कोणती फाइल कुठवर आली ते सांगणारी यादी, कसं वाचायचं ते दाखवू का, असं तिने मला दोनदा विचारलं. मला येतं, म्हणालो. येत नव्हतं.

रविवारी दुपारी बाईचं म्हणणं नीट करून फाइल मी ॲड केली, म्हणजे नोंदवायच्या गठ्ठ्यात घातली. तेवढ्यात बाईचा फोन.

“दादा, ती एक ओळ काढा की. तेवढ्यावरनं मालक ओळखंल मला.”

लगेच काढली, सेव्ह केलं. स्टेटस बघितलं तर फाइलच्या नावाआधी ‘बदललं’ असं सांगणारे दोन एम, एक हिरवा, एक लाल. मगाशी एकच होता. ती मुलगी पलीकडच्या टेबलावर बसली होती. विचारायला दहा पावलं. पण मग चारचौघांत ती मला शिकवणार आणि बाकीचे माना डोलावणार. बदल दोनदा केला म्हणून दोन एम असतील, असं मीच ठरवलं आणि कमिट करून, म्हणजे प्रत पक्की नोंदवून, मोकळा झालो. सोमवारी पत्रक वाटलंही.

गेटवरचा प्रकार कळल्यावर त्या मुलीने मला समजावलं, आवाज न चढवता. “डावीकडचा एम म्हणजे गठ्ठ्यात बांधलेलं. उजवीकडचा म्हणजे गठ्ठा बांधल्यावर तू बदललेलं. पुन्हा ॲड केलं नाहीस, तर ते बाहेरच राहतं. जुनंच गेलं.” मग म्हणाली, “मी तिथंच बसले होते की.”

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लाज वाटायच्या आधी मला त्या क्षणीही तिचा हेवाच वाटला. संध्याकाळी बाईच्या घरी ती गेली. मला बाईने येऊ नको म्हणून निरोप धाडला.

बाई आता दुसरीकडे काम बघतेय, आणि पत्रकाचा फोटो या फोनवरून त्या फोनवर फिरतोय. तो पुढच्या मालकापर्यंत पोचला, तर तिथलंही गेट बंद. कोणती ओळ, ते इथं लिहिणार नाही. टॉवेल कामगारांचं ते पत्रक तुमच्या फोनमध्ये असेल, तर ओळ शोधत बसू नका. आत्ता डिलीट करा, आणि ज्यांना पाठवलंत त्यांनाही फोन करून डिलीट करायला लावा.